पंख्याचं गाऱ्हाणं

मेस्त्रींच्या गॅरेजात तारीख नेहमी मागची असायची. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, पण मेस्त्री ते रोज फाडत नसत. एखादी गाडी बरी होऊन रस्त्याला लागली की एक पान फाडायचं, हा त्यांचा नियम. ज्या दिवशी एकही गाडी बाहेर पडली नाही, तो दिवस त्यांच्या लेखी उगवलेलाच नसायचा. त्यामुळे बाहेर मे महिन्याचा घाम निथळत असताना मेस्त्रींच्या भिंतीवर जानेवारी असायचा, आणि इकडे नाताळ आटोपला तरी तिथे गणपती यायचे असायचे. नव्या वर्षाचं कॅलेंडर जुन्याच्या मागे त्याच खिळ्याला टांगलेलं असे, आपली पाळी येईल तेव्हा येईल म्हणून.

"मेस्त्रींनू, गाडी उद्या गावात मां?" म्हणजे मिळेल ना, असं कोणी घाईने विचारलं, की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "उद्या? अजून शिमगो जावचो आसा." माणूस चडफडत बाकावर बसायचा. मीही किती वेळा बसले आहे त्या बाकावर. मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोडच लिहावं अशी आपल्याकडे पद्धत आहे, पण मेस्त्रींनाच ते खपलं नसतं.

गॅरेज म्हणजे मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक चढ संपतो तिथे फणसाच्या झाडाखाली चार पत्रे. मागे लागूनच घर. मेस्त्री उंच, वाकलेले, अंगात बाह्यांचा गंजीफ्रॉक, कमरेला लुंगी आणि कानावर कायम एक पेन्सिल. त्या पेन्सिलीने त्यांनी कधी काही लिहिल्याचं मी पाहिलं नाही. इंजिनाला ती टेकवून तिचं दुसरं टोक कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. गाड्या सगळ्या त्यांच्या लेखी बायका. नवी असली तर "चेडू", जुनी असली तर "म्हातारी". आमची पांढरी गाडी वीस वर्षांची, म्हणजे म्हातारीच.

पण मेस्त्री पंचक्रोशीत प्रसिद्ध होते ते गाऱ्हाण्यासाठी. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावाचा मानकरी देवासमोर उभा राहून सगळ्यांचं दुखणंखुपणं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मेस्त्रींनी हे देवळातून उचलून गॅरेजात आणलं होतं. गाडी आली की बॉनेट उघडायचं नाही. गाडी चालवणाऱ्याने समोर उभं राहायचं, गाडीवर हात ठेवायचा, आणि तिला काय झालं, कधीपासून झालं, आपण तिच्याशी काय वागलो ते मोठ्याने सांगायचं. सोबत घरचं कोणी नको. खरं वाक्य आलं की मेस्त्री "व्हय म्हाराजा" म्हणणार. खोटं आलं की गप्प. आणि गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत पान्याला हात लावणार नाहीत.

"गाडी खोटा बोलणा नाय. गाडयेवालो बोलता," असं ते म्हणायचे.

एकदा मी बाकावर असताना तारकर्लीकडचा एक जण जीप घेऊन आला होता. पर्यटकांना फिरवायचा धंदा. गाडीवर हात ठेवून म्हणाला, "उभी केललंय, सकाळी चालूच होऊक नाय." मेस्त्री गप्प. "वायच पावसात भिजली असात." मेस्त्री गप्प. त्यांनी खिशातून सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली. अर्ध्या तासाने तो माणूस रडकुंडीला येऊन ओरडला, "गिऱ्हाइकांका फोटो व्हये होते म्हणान दर्यात घातलंय! चाकां बुडासर!" मेस्त्री उठून उभे राहिले, "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि पाना घेतला.

खोटं त्यांना कसं कळायचं, याच्या गावभर कथा होत्या. कोणी म्हणे त्यांना सिद्धी आहे. मला विचाराल तर गुपित साधं होतं. पहिल्यांदा सगळेच खोटं बोलतात. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर एवढं मलाही कळत होतं.

मी ख्रिस्ती. आमच्यात कुमसार असतो. चर्चमध्ये जाळीपलीकडे पाद्री बसतात, आपण गुडघे टेकून हळू आवाजात पापं सांगायची. तेही मी अलीकडे उरकल्यासारखंच करायचे. त्यामुळे रस्त्याच्या कडेला, फणसाखाली, मोठ्या आवाजात गाडीची माफी मागायची या कल्पनेनेच मला हसू यायचं. इतक्या वर्षांत माझी गाऱ्हाणी किरकोळ असायची. ऑइल बदलायचं राहिलं, क्लचवर पाय ठेवून चालवली. मी दोन वाक्यांत संपवायचे, मेस्त्री दोनदा "व्हय म्हाराजा" म्हणायचे.

त्यांच्या घरातून मधूनच भोंगा वाजायचा. रबरी फुगा दाबून वाजवायचा जुना भोंगा, पूर्वी रिक्षांना असायचा तसला. मेस्त्रींची बायको बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, कमरेखालचं अंग गेलेलं. तिचा आवाजही क्षीण. म्हणून मेस्त्रींनी भोंगा तिच्या खाटेला बांधून दिला होता. एकदा वाजला तर पाणी, दोनदा वाजला तर कूस बदलायची, तीनदा वाजला तर भांडं द्यायचं. भोंगा वाजला की मेस्त्री हातातलं काम तसंच टाकायचे. एकदा एका ट्रकचं इंजिन साखळीने अर्धं वर उचललेलं असताना भोंगा वाजला, तर साखळी खुंटीला बांधून ते आत गेले आणि ट्रकवाला इंजिनाखाली हात धरून उभा. परत येऊन म्हणाले, "कूस बदलूची होती." जणू सगळ्यांच्याच घरी हे चालतं.

मला तेव्हा वाटायचं, हा माणूस थकत कसा नाही?

कारण मी थकले होते. माझ्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, तेही कसालच्या पुढे ओरोसला. पहाटे उठायचं, त्याला मोजून पाणी द्यायचं, कपडे घालायचे, गाडीत बसवायचं, सहाला निघायचं. तिथे चार तास सुई लावून तो पडलेला, मी बाहेर बाकावर. मग परत. घरी आल्यावर तो झोपतो, मी स्वयंपाकाला लागते. मंगळवार, गुरुवार, शनिवार दमणूक काढायची आणि रविवारी चर्च. मुलगी मस्कतला. ती फोनवर म्हणते, "मम्मी, काळजी घे." घेते. रिक्षाने जावं तर धक्के त्याला सोसत नाहीत आणि एसटीत त्याला चढवणं माझ्या एकटीच्याने होत नाही. म्हणजे ही म्हातारी गाडी आणि मी, दोघींवर त्याचं सगळं चाललेलं.

त्या गाडीला एक सवय होती. प्रवास करून आलो, गाडी बंद केली, तरी पुढचा पंखा मिनिटभर फिरत राहायचा. रेडिएटरच्या मागे बसवलेला विजेचा पंखा. पाणी तापलं की आपोआप लागायचा, निवलं की बंद व्हायचा. अंगणात गाडी लावली की त्याची घरघर ऐकत आम्ही थोडं बसायचो. नवरा म्हणायचा, "म्हातारी दम खाता, आमीव खाव." तेवढंच एक मिनिट दिवसातलं मला आवडायचं.

एप्रिलअखेर एका बुधवारी ती घरघर आली नाही. मी किल्ली काढली, ऐकलं, आणि उतरून दार लावलं.

मला कळलं होतं. पंखा गेला तर काय होतं हे वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला कळतंच. गाडी धावत असते तोवर वारा लागतो, तापमानाचा काटा मध्ये राहतो. कुठे अडकून पडलो की काटा वर चढतो. मी मग अडकायचं टाळू लागले. कुठे थांबावं लागलं तर इंजिन बंद करायचे. डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवले. मेस्त्रींचं गॅरेज आठवड्यातून सहा वेळा वाटेवर लागायचं, जाताना आणि येताना. एकदाही मी ब्रेकवर पाय ठेवला नाही.

पंधरा दिवसांनी व्हायचं ते झालं. बुधवारी सकाळी जाताना कसालच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालं होतं, एका बाजूची वाहतूक सोडत होते. मी इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. चौथ्यांदा बॉनेटखालून वाफ आली. नवऱ्याला एका रिक्षात घातलं. पोचेपर्यंत त्याची वेळ निघून चालली होती. चार तासांच्या जागी दोन तासच मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पाय सुजून घागरीएवढे झाले आणि दोन वाक्यं बोलताना धाप लागू लागली. शुक्रवार चुकवता येणार नाही, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं.

एका टेम्पोवाल्याने गाडी ओढून मेस्त्रींकडे आणून टाकली होती. गुरुवारी शेजारणीला घरी बसवून मी सकाळी नऊला तिथे हजर झाले.

"मेस्त्रींनू, उद्या सकाळी सहाक माका गाडी व्हयी. काय करूचा ता करा," मी म्हटलं.

मेस्त्रींनी भिंतीकडे बघितलं नाही. त्यांना आमच्या घरचं ठाऊक होतं. पण बॉनेटकडेही गेले नाहीत. "गाऱ्हाना घाला बाईनू," म्हणाले.

"आज नको. पंखो गेलो हा, माका म्हायत आसा. बदला."

"घाला."

मी गाडीवर हात ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता. "काल कसालाकडे अचानक तापली," मी म्हटलं.

मेस्त्री गप्प.

"दोन दिस काटो वर जाय होतो. माझा लक्ष गेला नाय."

मेस्त्री गप्प. घरातून भोंगा वाजला, एकदा. ते आत गेले, पाणी देऊन आले आणि पुन्हा तसेच उभे राहिले. मला संताप आला. माझ्याकडे एक दिवस होता, नवरा घरी धापा टाकत होता, आणि हा माणूस माझ्याशी देवळातला खेळ खेळत होता.

"पंधरा दिस!" मी ओरडले. "पंधरा दिस माका म्हायत होता. पंखो फिरणा नाय ता पैल्याच दिसाक समाजला."

"व्हय म्हाराजा," मेस्त्री म्हणाले. आवाज हळू होता, रोजच्यासारखा नव्हता.

तिथे थांबता आलं असतं. बॉनेट उघडायला तेवढं पुरलं असतं. पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. मी म्हटलं, मी मुद्दाम आले नाही. म्हटलं, मला एक दिवस हवा होता. गाडी घरातच बंद पडेल, निघणारच नाही, आणि कोणी मला दोष देणार नाही. मी निजून राहीन. शाळेत मुलं पाऊस पडावा म्हणून बघत बसतात तशी मी पंधरा दिवस त्या काट्याकडे बघत होते.

"व्हय म्हाराजा."

"तेका काय होयत, ह्येचो इचार मी करूक नाय."

मेस्त्री गप्प.

रस्त्याने एक एसटी गेली. तिची धूळ खाली बसली. मग म्हटलं, "केललंय. इचार केललंय. तरीव गप रवलंय."

"व्हय म्हाराजा," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

आधी बॅटरीची एक वायर सोडली. पंख्याचं पातं बोटाने ढकललं, ते जागचं हललं नाही. खारं वारं खाऊन मोटरचा दांडा गंजून जाम झाला होता. जाळी न दुखावता चार बोल्ट काढले, पंखा वर उचलून माझ्या पायाशी ठेवला. मागच्या बाजूला त्यांच्याकडे मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग होते. तिथून तसाच दुसरा पंखा शोधून आणला, बॅटरीला थेट जोडून फिरवून बघितला, आणि खाली वाकून बसवायला लागले. चेहरा बॉनेटखाली असतानाच ते बोलले.

"बाईनू, भोंग्याचो रबर मिया एकदा काढून ठेवललंय."

मला आधी कळलंच नाही.

"गेल्या गणपतीच्या आदी. दोन तास. रबर खिशात घातलंय आणि खाडयेर जाऊन बसलंय. काय एक करूक नाय. नुसतो बसलंय." पाना फिरत होता. "परत इलंय तेवा ती जागीच होती. नळी हातात धरून. फुकी होती तोंडान, वाजणा नव्हती."

"मगे?"

"मगे काय? रबर लावलंय. पाणी दी म्हणान सांगल्यान. त्याबद्दल ती आजून एका शब्दान बोलाक नाय."

पाना थांबला. मेस्त्री वर बघेनात. त्यांचा हात गाडीवर होता, आणि ते वाट बघत होते हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. इतक्या वर्षांत त्यांनी कित्येकांची गाऱ्हाणी ऐकली असतील. त्यांचं ऐकायला कोणी उभं राहिलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग मेस्त्रींनी वायरी जोडल्या. जुन्या आणि नव्या पंख्याच्या वायरींचे रंग जुळत नव्हते. इंजिन तापू दिलं. पंखा लागला. भिंतीवरून त्यांनी कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि रेडिएटरसमोर धरलं. पान उडून माझ्या तोंडावर आलं. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने वायरी उलट्या जोडल्या होत्या. पंखा वारा ओढायच्या ऐवजी बाहेर फेकत होता.

"आज डोक्या जाग्यार नाय," मेस्त्री पुटपुटले. वायरी बदलल्या. या वेळी पान जाळीला चपकन चिकटलं आणि चिकटूनच राहिलं. हात काढला तरी पडलं नाही. आम्ही दोघं थोडा वेळ त्या पानाकडे बघत उभे राहिलो. भिंतीवर त्या दिवशी फेब्रुवारी होता.

मेस्त्रींची बायको पुढच्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर मेस्त्री गाड्या घेईनात. मी एकदा गेले तर बाकावर बसले होते. कॅलेंडर तसंच होतं, खिळ्याला. "भोंगो वाजणा नाय, काम सुचणा नाय," म्हणाले. वर्षाच्या आत तेही गेले. आता तिथे शहाळ्यांचं दुकान आहे. फणस आहे. ते पान मी गाडीच्या कप्प्यात ठेवलंय, अजून आहे.

पण मला सांगायची आहे ती त्या गुरुवारची संध्याकाळ.

घरी आले तेव्हा नवरा पुढच्या पडवीत खुर्चीवर होता, सुजलेले पाय स्टुलावर. मी अंगणात गाडी लावली, बंद केली. पंखा घरघरत राहिला. तो डोळे मिटून ऐकत होता. पंखा थांबला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"नवो घातल्यानी?"

"व्हय. पयलो गेललो."

"म्हायत आसा." त्याला धाप लागली, तो थांबला. "पंधरा दिस आवाज नव्हतो."

मी पायरीवर तशीच उभी राहिले. "तुका म्हायत होता? मगे बोललंस कित्याक नाय रे?"

त्याने पायांकडे बघितलं. "म्हटला, गाडी बंद पडली तर एक दिस तरी तुका निजाक गावात गो."

त्याने दुसरं काही विचारलं नाही. मला कधी कळलं, हेही नाही. मी त्याच्या शेजारी खाली बसले. जे सकाळी फणसाखाली ओरडून सांगितलं होतं ते इथे सांगता येईना, आणि न सांगताही राहवेना.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

हे काय नवीन, म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी त्याचे पाय मांडीवर घेतले आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही निघालो. कसालच्या अलीकडे रस्ता अडवलेलाच होता. या वेळी मी इंजिन बंद केलं नाही. काटा हळूहळू वर चढला, पंखा लागला, आणि रस्ता सुटेपर्यंत आम्ही दोघं त्याचा आवाज ऐकत बसून राहिलो.